फॉर्मवरची दोन माणसं

माझ्या खोलीला खिडकी आहे, हाच माझा गुन्हा. परदेशातून भाषा शिकायला येणाऱ्यांना घरी ठेवायचं, तर त्या शाळेचा नियम असा, की विद्यार्थ्याला स्वतंत्र खोली हवी, तिला दार, टेबल आणि खिडकी हवी. समोरच्या बिल्डिंगमधल्या जोडप्याकडे असा विद्यार्थी आला, महिन्याला बरे पैसे मिळायला लागले आणि आमच्या सूनबाईंच्या डोक्यात तेच खूळ शिरलं. लेक काय, आमचा नंदीबैल.

"तीनच महिने, आई. मग तुझी खोली तुला," तो म्हणाला.

"आणि तोवर मी?"

"हॉलमध्ये सोफा आहे की. समोर टीव्ही आहे."

डोंबलाचा टीव्ही! घर घेताना ह्यांनी ती खोली माझ्यासाठी निवडली होती, सकाळचं ऊन बघून. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी मी अजून भिंतीकडच्याच बाजूला झोपते. पण पोटच्या पोराला नाही म्हणणं मला आयुष्यात जमलं नाही.

फॉर्म त्याने माझ्यासमोरच भरला. घरात माणसं किती, तर दोन.

"अरे, तीन ना?"

"घरातलं कुणी हॉलमध्ये झोपत असेल तर ते विद्यार्थी देत नाहीत. आणि ऐक, त्या मुलीसमोर मी तुला आई म्हणणार नाही. ती शाळेत बोलून गेली तर पंचाईत."

तेव्हापासून माझा मुलगा मला 'आजी' म्हणायला लागला. 'अहो आजी, पाणी द्या.' आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

मुलगी आली. काडीसारखी बारीक, दोन घास खाऊन पुरे म्हणायची. मी तिचं नाव चिमणी ठेवलं. तोंडातून शब्द फुटेना. घरचे दोघं सकाळी नऊला बाहेर पडणार आणि संध्याकाळी ताटावर बसून फोन बघणार. दुपारी शाळेतून आली की ती आणि मी, दोघीच. सत्तावीस वर्षं मी बस स्थानकात माईकवर घोषणा केल्यात, माझा एक शब्द कधी कुणाला दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही. मी तिच्या हातात डाव दिला, स्वयंपाकघरात उभं केलं आणि म्हटलं, बोल. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, जेवण तयार आहे!" पोट धरून हसलो दोघी. दुसऱ्या महिन्यात तर ती माझ्याशी भांडायला लागली, अगदी माझ्याच शब्दांत. मी जास्त वाढलं की म्हणायची, "आजी, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा!" खरं सांगते, ह्यांच्यामागे इतकं कुणी बोललं नव्हतं माझ्याशी.

एका मंगळवारी दुपारी शाळेच्या बाई घर तपासायला आल्या, न कळवता. चिमणीची बडबड ऐकून खूश झाल्या. म्हणाल्या, फारच छान तयारी, घरचे चांगलं लक्ष देतात. मग त्यांना सोफ्यावरची माझी उशी आणि पांघरूण दिसलं.

"तुम्ही कोण?"

जिभेवर आलं होतं सगळं. मी ह्याची आई, ती खोली माझी. पण पोराची नाचक्की डोळ्यांपुढे आली आणि माझं मलाच ऐकू आलं, "मी? स्वयंपाकाला आहे इथं."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चिमणी माझ्याकडे बघत राहिली. त्या गेल्यावर तिने विचारलं, "आजी, तुमचं घर कुठे आहे?"

"लांब," मी म्हटलं आणि भांडी घासायला घेतली.

तीन महिने भरले. जाताना चिमणी गळ्यात पडून रडली आणि कानात म्हणाली, "काळजी करू नका, मी तुमच्यासाठी शाळेत लिहून दिलंय." मला वाटलं, कौतुक केलं असेल पोरीने.

चार दिवसांनी मी पलंगावर माझी चादर घालत होते. लेक फोन हातात घेऊन दारात आला. शाळेने चिमणीचं पत्र पाठवलं होतं. त्याने मोठ्याने वाचलं.

"घर छान आहे. खोलीत सकाळचं ऊन येतं. या घरात एक आजी काम करतात. दिवसभर राबतात आणि सोफ्यावर झोपतात. मला बोलायला त्यांनीच शिकवलं. त्यांचं आता वय झालं आहे. जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा आणि त्यांना त्यांच्या घरी जाऊ द्या."

एकही चूक नव्हती. माईकवर वाचावं इतकं स्वच्छ लिहिलं होतं.

"कामाची बाई घरात राहिलेली चालत नाही म्हणतायत," मागून सून म्हणाली. "पुढची मुलगी सोमवारी येतेय. त्याआधी येऊन बघणार आहेत."

लेक खाली बघत होता.

"आई," तो म्हणाला. तीन महिन्यांनी पहिल्यांदा हाक मारली मेल्याने. "थोडे दिवस ताईकडे जाशील?"

अर्धी घातलेली चादर मी काढली आणि घडी करून पिशवीत ठेवली.

"जाते," मी म्हटलं. "तुझा फॉर्म तरी खरा होईल."