न पेटणारा टेस्टर

"अर्थिंग कशासाठी करतात?" साहेबांनी कागदावरून मान वर न करता विचारलं. समोरच्या उमेदवाराने पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं.

शेजारी बसलेल्या वायरमनकाकांना हसू आलं. हॉस्पिटलात चौतीस वर्षं काढून महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी माणूस निवडायचा म्हणून साहेबांनी त्यांनाही खुर्ची दिली होती. त्यांच्या वेळी कसली मुलाखत अन् कसलं काय! मुकादमाने हातात पक्कड दिली आणि शिडीवर चढवलं. खाली शिडी धरायला जोडीदार. तो बेसूर गाणी म्हणायचा आणि काकांच्या डब्यातला अर्धा वाटा हक्काने उचलायचा. काय दिवस होते ते!

"काका, तुम्हाला काही विचारायचंय?"

काकांनी खिशातून जुना टेस्टर काढून उमेदवाराला दिला. "त्या उघड्या वायरीत लाईन आहे का, बघून सांग."

त्याने टेस्टर टेकवला. दिवा पेटला नाही. "बंद आहे."

काकांनी फुली मारली. ही सहावी.

"अहो, बरोबर तर सांगतायत सगळे!" तो गेल्यावर साहेब वैतागले. "सकाळी तुम्हीच बंद केलीत ना लाईन?"

"केली. पण त्यांना कुठे माहीत होतं?"

सातवी उमेदवार एक मुलगी होती, वडिलांच्या हाताखाली काम शिकलेली. साहेबांच्या दोन प्रश्नांना ती चक्क अडखळली. टेस्टर घेऊन मात्र ती वायरीकडे गेलीच नाही. साहेबांचा पंखा चालू होता, त्याच बोर्डाच्या दुसऱ्या प्लगमध्ये तिने आधी टेस्टर घालून पाहिला. मग पर्समधून स्वतःचा काढून तिथेच घातला. तो लख्ख पेटला.

"काका, तुमचा खराब आहे. माझ्याने बघू का वायर?"

काकांनी तिच्या हातून आपला टेस्टर परत घेतला. एकतीस वर्षांपूर्वी एका दुपारी जोडीदाराने याच टेस्टरवर विश्वास ठेवून वायरीला हात घातला होता. त्या दिवशी शिडी काकांनी धरली होती.

"बघ," ते म्हणाले.

"खराब आहे तर फेकून द्या की तो," साहेब म्हणाले.

काकांनी टेस्टर रुमालाने पुसून पुन्हा खिशात ठेवला आणि मुलीकडे वळले. "उद्यापासून ये, पोरी. महिनाअखेरपर्यंत शिडी मी धरतो."