मूळचे टायर

आमच्या ह्यांची लाल गाडी दोन सिटांची, वयाने आमच्या लग्नाएवढी. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हे रोज सकाळी तिला पुसतात; माझ्याकडे मात्र चष्मा हरवला तरच बघतात. गाडीतलं सगळं मूळचं आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचं. रंग मूळचा, स्टिअरिंग मूळचं, टायरसुद्धा मूळचे. टायर बदला म्हटलं की म्हणणार, "उद्या मला दात बदलायला सांगशील." दात कधीच बदललेत, ते सोडा.

सुनेने छोटी गाडी घेतली तेव्हा ह्यांनी तिला साबणाची डबी म्हणून निकालात काढलं. सून अपघात विभागात नर्स आहे. आमच्या नातीला, चिंगीला, ती लाल गाडीत बसू देत नसे. "सीटला पट्टे नाहीत, ब्रेक जुने. नाही म्हणजे नाही, बाबा." ह्यांना ते फार लागलं होतं. नातीला शेजारी बसवून फिरवायचं, एवढी एकच हौस उरली होती त्यांची. शेवटी सूनच म्हणाली, "चला, ब्रेक लावून बघू. माझ्या डबीएवढ्या अंतरात तुमची गाडी थांबली तर न्या चिंगीला."

बंद कारखान्याच्या मोकळ्या आवारात आम्ही गेलो. खडूने रेघ मारली. दोघांनी पन्नासच्या वेगाने यायचं आणि रेघेवर ब्रेक दाबायचा. डबी आली, जराशी थरथरली आणि सरळ उभी राहिली. तिच्या नाकासमोर सुनेने रिकामी खोकी रचली आणि डबी बाजूला घेतली. हे मिशीत हसले. "खोकी जपून ने हो घरी, कामाला येतील."

मग लाल गाडी आली. खरं सांगते, दिमाख बघून माझाही ऊर भरून आला. रेघेवर ब्रेक लागला, चाकं फिरायची थांबली, पण गाडी थांबेना. किंचाळत, तिरकी होत घसरतच राहिली. खोकी उडाली, एक तिच्याखाली चेपलं. पुढे आणखी तेवढंच अंतर जाऊन ती भिंतीच्या हातभर अलीकडे उभी राहिली. चिंगीला मी इतकं घट्ट धरलं होतं की ती कळवळली.

हे उतरले ते पांढरेफटक पडून. सून धावत गेली, लागलं का विचारलं. टोचून एक शब्द बोलली नाही. मी असते तर सोडलं नसतं.

"पूर्ण दाबला होता गं," हे म्हणाले. "पूर्ण दाबला होता."

"असू दे, बाबा. चिंगी आत नव्हती, एवढं पुरे."

चिंगी माझा हात सोडवून पुढे झाली. आजोबा हरलेत, एवढंच तिला कळलं होतं. त्यांची बाजू घेत ती म्हणाली, "आई, आजोबांची गाडी चांगली आहे. परवा शाळेतून आम्ही ह्याच्यापेक्षा जोरात आलो."

सुनेने ह्यांच्याकडे पाहिलं.

"बसने आलो म्हणालात ना मला?" मी विचारलं.

हे तिथेच खाली बसले. सुनेने चिंगीला जवळ ओढलं आणि तिचं डोकं, मान, हातपाय चाचपत राहिली, एकेक हाड, जणू परवाचं काही आत्ता सापडणार होतं.