काकासाहेब, यशोधरा आणि भंडारदऱ्याचं धुकं

नगरजवळच्या केडगावची यशोधरा साळवे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, पण जिल्ह्यात तिला कुणी त्यासाठी ओळखत नव्हतं. ओळखत होते ते तिच्या आवाजासाठी. दर गुरुवारी संध्याकाळी ती मोबाईलवर चार-पाच मिनिटं बोलून डोंगर आणि नदीचं हवामान सांगायची आणि ते बोलणं नगर, नाशिक, पुण्यातल्या डोंगर भटकणाऱ्यांच्या मोबाईल ग्रुपांतून फिरायचं. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि प्रवरेचं पाणी एवढाच तिचा मुलूख. त्याबाहेर पाऊस पडो की दगड पडोत, तिला देणंघेणं नव्हतं.

अंदाज बाकीचेही द्यायचे. पण यशोधरा द्यायची तसा कुणी देत नसे.

"शनिवारी कळसूबाईवर ढग," ती म्हणायची. "वर गेल्यावर काहीही दिसणार नाही. ज्यांना नवरा किंवा बायको नको झालीय त्यांनी जोडीनं जावं, चार तास तोंड दिसत नाही. हरिश्चंद्रगडाला कड्याच्या टोकावर वारा. फोटोसाठी हात पसरून उभं राहणाऱ्यांनी आधी घरच्यांशी गोड बोलून घ्यावं."

"हवामान सांगतेस का लोकांची अब्रू काढतेस?" तिची आई, भागिरथीबाई, भाजी निवडता निवडता विचारायची.

"दोन्ही एकदम होतं, आई. वेळ वाचतो."

लोकांना ते आवडायचं. म्हणजे ज्यांना डोंगरावर जायचं असायचं त्यांना. ज्यांचं पोट त्या लोकांवर होतं त्यांना अजिबात आवडत नसे. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू लावून पाहुणे ठेवणारा रंगनाथ तिला दर शुक्रवारी सकाळी फोन करायचा.

"ताई, तुमी मुसळधार म्हनू नका. रिमझिम म्हना. पाऊस तेवढाच पडंल, पन मान्सं तरी येतील."

"आणि भिजून तुम्हाला शिव्या घालतील त्याचं काय?"

"शिव्या जेवून घालतात, ताई. जेवनाचं बिल आधी हुतं."

तरी रोज सकाळी रतनगडाकडचं आभाळ कसं आहे हे तिला सांगायचा तो रंगनाथच. कारण यशोधरा सगळं केडगावच्या वरच्या खोलीत बसून करायची. उपग्रहाची चित्रं, वाऱ्याचे नकाशे, गावोगावचे फोन. कळसूबाई ती एकदाच चढली होती, तीही कॉलेजच्या सहलीत, आणि अर्ध्यातून उतरली होती. हे ती कुणाला सांगत नसे.

सप्टेंबरात काकासाहेबांचा फोन आला. काकासाहेब म्हणजे त्या भागातले कायमचे अध्यक्ष. कशाचे, हे विचारायची पद्धत नव्हती. मंडळ निघालं की अध्यक्ष तेच असायचे आणि मग मंडळ कशासाठी निघालं ते ठरायचं. यंदा त्यांनी जलक्रीडा महोत्सव काढला होता. जलाशयात कयाकची, म्हणजे वल्हवायच्या चिंचोळ्या होड्यांची शर्यत, काठावर मांडव, भाषणं आणि सत्कार.

"मॅडम, तुमचा सत्कार ठेवलाय," काकासाहेब म्हणाले. "तेवढं रविवारचं हवामान चांगलं द्या."

"हवामान मी देत नाही काकासाहेब, सांगते."

"तेच ते. चांगलं सांगा."

यशोधरानं नकाशे पाहिले. आठवडाभराचा पाऊस ओसरत होता, पण पश्चिमेकडून वारा चढताना दिसत होता. गुरुवारी तिनं सांगून टाकलं, "रविवारी भंडारदऱ्याला सकाळ उत्तम. दुपारनंतर घाटावरून असा वारा सुटेल की कयाक उलटतील आणि काकासाहेबांचे फ्लेक्स उडून थेट संगमनेरला प्रचाराला जातील. शर्यत सकाळी घ्या. भाषणं संध्याकाळी घ्या. भाषणांना वाऱ्यानं काही होत नाही, त्यात वजन नसतंच."

हे ऐकून जिल्हाभर लोक हसले. काकासाहेब हसले नाहीत. त्यांनी सकाळी भाषणं ठेवली आणि शर्यत दुपारी.

रविवारी यशोधरा मांडवात खुर्चीवर बसली होती, मांडीवर शाल आणि नारळ घेऊन. भाषणं एकामागून एक झाली. दुपार झाली. ऊन स्वच्छ पडलेलं, पाणी काचेसारखं. झाडाचं पान हलेना. ती सारखी घाटाकडं बघत होती. आयुष्यात कधी वाऱ्याची एवढी वाट तिनं पाहिली नव्हती.

काकासाहेबांनी माइक हातात घेतला. "मॅडमचा वारा कुठल्या एसटीनं निघालाय, कुणाला माहितीय का?"

मांडव हसला. रंगनाथ मांडवामागं चहाच्या किटल्या सांभाळत होता, तोही हसला आणि यशोधरानं बघितल्यावर खोकला.

"आता वारा नाहीच, तर मॅडमनी आमच्याबरोबर पाण्यात यायला काय हरकत आहे?" काकासाहेब म्हणाले. "शर्यतीचं उद्घाटन आम्ही दोघं मिळून करू."

नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. यशोधरा लाइफ जॅकेट चढवून दोन माणसांच्या कयाकमध्ये पुढं बसली. काकासाहेबांच्या पोटावर जॅकेटचे बंद काही केल्या जुळेनात, शेवटी दोन कार्यकर्त्यांनी गोणी शिवावी तसं ते ओढून आवळलं. शिट्टी वाजली. शर्यतीतली पोरंपोरी सपासप पुढं गेली आणि त्यांच्या मागून काकासाहेबांची कयाक गेली, एका हातानं वल्हवत आणि दुसऱ्यानं काठावरच्यांना नमस्कार करत.

पाणी खरंच सुंदर होतं. यशोधराला राग आलेला असूनही ते कळलं. मग तिनं मान वर केली, तर रतनगडाच्या बाजूनं काहीतरी पांढरं खाली उतरत होतं. आवाज न करता, उतू जाणाऱ्या दुधासारखं.

वारा आला असता तर तो ढग उडून गेला असता. वारा आलाच नाही, म्हणून ढग आरामात खाली बसायला निघाला होता. रंगनाथनं सकाळी फोनवर सांगितलं होतं, "डोंगराला पांढरी टोपी हाय, ताई." आणि तिनं ते ऐकून सोडून दिलं होतं, कारण तिच्या डोक्यात फक्त वारा होता.

"काकासाहेब, मागं फिरा."

"का? वारा आला?"

तोवर धुकं आलं. आधी समोरचा डोंगर गेला, मग काठ, मग मांडव. मग कयाकचं टोकही दिसेना. कुठून तरी पोरांच्या हाका येत होत्या. काठावरच्या भोंग्यांवर गाणी वाजत होती, पण आवाज डोंगरांवर आपटून चारी बाजूंनी परत येत होता. काकासाहेब मात्र जोरात वल्हवत होते.

"थांबा. आपण गोल फिरतोय."

"मला तर सरळ चाललोय असं वाटतंय."

"तुम्हाला ते कायमच वाटतं."

काकासाहेब थांबले. मग सभेतला आवाज कुठल्या कुठं गेला आणि मागून बारीक आवाज आला, "ताई, मला पवता येत न्हाई."

"मग जलक्रीडा महोत्सव कशाला काढलात?"

"अध्यक्षाला कुठं पवावं लागतं?"

यशोधराला हसू आलं आणि त्या हसण्यानं तिचं डोकं चालू लागलं. तिचे कयाकवाले श्रोते तिला अधूनमधून सांगत असत, की धुक्यात सापडलं तर सगळ्यांनी एकत्र यायचं, बाजूला बाजू लावून एकमेकांना धरायचं, कुणी एकट्यानं शहाणपणा करायचा नाही. तिनं छातीत हवा भरली आणि गुरुवारच्या आवाजात सुरू केलं.

"ऐका रे! मी यशोधरा साळवे बोलतेय! वारा येणार म्हणून सांगितलं होतं, तो मेला कुठं तरी! सगळ्यांनी माझ्या आवाजाकडं या, हळू! हिरोगिरी करणाऱ्याला पुढच्या गुरुवारी नावानिशी धुवून काढीन!"

मग कुठून तरी एक पोरगी ओरडली, "अगं, ही तर गुरुवारची ताई!" आणि वल्ही हळूहळू वाजू लागली. यशोधरा बोलत राहिली. कोणाचा आवाज कसा फाटलाय, काकासाहेबांचं जॅकेट कसं आवळलंय, जे सुचेल ते. एक कयाक येऊन थडकली, मग दुसरी, मग जोडीनं दोन. पोरांनी एकमेकांच्या कडा धरल्या. सृष्टी नावाच्या एका पोरीनं सगळ्यांची नावं घेऊन ओ द्यायला लावलं. कुणी राहिलं नव्हतं. काकासाहेबांनी शेजारच्या पोराचा हात जो धरला तो सोडायला तयार नव्हते.

आता काठ कुठं? सृष्टीजवळ पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत मोबाईल होता. यशोधरानं रंगनाथचा पाठ असलेला नंबर लावला आणि आपलं नाव सांगितलं.

"ताई! तुमी जित्या हाय का? हितं लोक रडायला लागल्यात!"

"दादा, ऐका. सगळे भोंगे बंद करा. एकच चालू ठेवा, पाण्याकडं तोंड करून. गाणं नको. तुम्ही बोला. थांबू नका."

"काय बोलू?"

"काहीही!"

भोंगे एकदम बंद पडले. शांतता झाली. मग एकाच बाजूनं, नीट कळेल असा, रंगनाथचा आवाज पाण्यावरून आला. "हॅलो... हॅलो... रंगनाथच्या तंबूत आपलं स्वागत हाय. शाकाहारी थाळी मिळंल. पिठलं, ठेचा, तांदळाची भाकर. गावरान कोंबडी आधी सांगावी लागंल. गरम पानी सकाळी मोफत. संडास स्वच्छ हाय, इंग्लिश पन हाय..."

तो सगळा तांडा, एकमेकांना धरून, त्या आवाजाकडं सरकू लागला. रंगनाथ थांबला नाही. त्यानं तंबूंचे प्रकार सांगितले, मोठ्या कुटुंबाला सवलत सांगितली, शेजारच्या तंबूवाल्याकडं ढेकूण असल्याचंही सांगितलं. मध्येच तो आवाज डाव्या हाताला गेला की यशोधरा सगळ्यांना वळवायची. काकासाहेब हळूच म्हणाले, "कोंबडी आत्ता सांगितली तर हुईल का?"

कयाकच्या खाली चिखल लागला तेव्हा ठेच्याची कृती चालू होती.

काठावर एकच गलका झाला. लोकांनी पोरांना मिठ्या मारल्या. यशोधरा जमिनीवर उभी राहिली आणि आधाराला मांडवाचा खांब शोधू लागली. रंगनाथनं तिच्या हातात माइक दिला, बहुधा धरायला काहीतरी हवं म्हणून.

"वारा आला नाही," ती माइकमध्ये म्हणाली. "मी चुकले. धुकं येणार हे मला कळायला हवं होतं, ते कळलं नाही. एवढंच."

एरवी काकासाहेबांनी माइक ओढून घेतला असता. आज ते रंगनाथच्या घोंगडीत गुंडाळून बसले होते आणि कुणीतरी "दोन शब्द बोला" म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. ते पाहून त्यांचे कार्यकर्ते धुक्यापेक्षा जास्त घाबरले.

संध्याकाळी काकासाहेबांनीच तिला गाडीतून केडगावला सोडलं. कोल्हार गाव मागं पडलं. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पवायला शिकायचं वय असतं का, ताई?"

"नसतं. पण बारक्या पोरांच्या बॅचला जावं लागेल."

"हसतील ना?"

"खूप."

त्यांनी मान डोलावली, जणू ठराव मंजूर केला.

घरी भागिरथीबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना सगळं आधीच कळलं होतं, कारण ग्रुपवर सगळं आलं होतं. त्यांनी लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ओल्या चपला बाहेर काढायला लावल्या आणि चहा टाकला.

"आई, मी चुकले आज," यशोधरा म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"व्हय, ऐकलं. पाणी कसं होतं?"

यशोधरानं कपाभोवती दोन्ही हात गुंडाळले. "गार होतं. लई गार. पुढच्या रविवारी परत जातेय, सृष्टी वल्हवायला शिकवणार आहे."

"मग स्वेटर ने," भागिरथीबाई म्हणाल्या.