एकशे त्रेसष्टावी ओळ

“परत आली यादी! मुलांना शिकवू की खुणा करत बसू?” इंग्रजीच्या बाई चौथीच्या बाईंच्या कानाशी पुटपुटल्या आणि मोबाईलवर अंगठा फिरवून पाच खुणा करून मोकळ्याही झाल्या.

चौथीच्या बाई कसनुसं हसल्या. त्यांच्या खुणा कालच उरकल्या होत्या.

यादी नकाशे सरांची. भूगोल शिकवता शिकवता सरांना इंटरनेटचा नाद लागला. शिक्षकांना वर्गात उपयोगी पडतील असे व्हिडिओ, खेळ, नकाशे ते तीन वर्षं शोधत होते. शीटमध्ये दोनशे बारा ओळी झाल्या, प्रत्येकीत एक लिंक आणि पुढे सरांची टीप. मोठ्या बाईंनी यंदा नियमच केला: महिन्याला पाच लिंक वापरायच्या, पुढे ‘वापरले’ अशी खूण करायची, वर शेरा लिहायचा. अकरा जणांनी तो इमानेइतबारे पाळला. म्हणजे, वरपासून खाली पाच-पाच खुणा करत गेले.

मंगळवारी चौथीच्या बाईंचा वर्ग अपूर्णांकात रुतला. “बाई, एक अष्टमांशच मोठा. आठ चारापेक्षा मोठे ना!” एक मुलगी हटूनच बसली. खडू झिजला, घसा बसला. शेवटी, करायचं तरी काय म्हणून, बाईंनी यादी उघडून तिच्यात ‘अपूर्णांक’ शोधलं. एकशे त्रेसष्टावी ओळ. सरांनी लिहिलं होतं: ‘पहिली दोन मिनिटं सोडा, तो माणूस स्वतःचंच कौतुक करतो. मग कागदाच्या पट्ट्या येतात, तिथे थांबवा. पट्ट्या मुलांनाच फाडू द्या. घाई करू नका.’

मुलीने पट्टी फाडली. अर्धी, पाव, मग पावाचीही अर्धी. हातातल्या चिटुकल्या तुकड्याकडे बघत राहिली. “अय्या, आठ जणांत वाटलं तर कमीच येणार की!”

बाईंना इतका आनंद झाला, की खूण करायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी मन खाऊ लागलं म्हणून त्यांनी आपण खुणा केलेल्या लिंका उघडायला घेतल्या. छत्तिसाव्या ओळीत ‘नदीचा उगम’ होता. उघडली, तर एक भरदार बाई खुर्चीत बसून पाय वर-खाली करत होत्या. गुडघेदुखीचे व्यायाम! सरांच्या बायकोसाठी शोधलेली लिंक चुकून इथे चिकटली होती. आणि पुढे अकराच्या अकरा खुणा. चौथीच्या बाईंचा स्वतःचा शेरा: ‘मुलं रमली.’ खेळाच्या सरांचा: ‘प्रत्यक्ष करून घेतले.’

बाईंनी दाखवलं तसे खेळाचे सर पोट धरधरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “बाई, गुपचूप बदलून टाका. महिन्याभरात निवृत्त होतायत नकाशे सर. जाता जाता कशाला दुखवायचं?”

बाईंनाही पटलं. नदीचा एक बरा व्हिडिओ शोधायला त्या बसल्या. पहिल्याचा आवाज फुटका, दुसऱ्यात नुसत्या जाहिराती, तिसऱ्यात नदी उलटी वाहत होती. सातवा जमला. तासभर गेला. सरांनी असं दोनशे बारा वेळा केलं होतं.

शनिवारच्या बैठकीत नकाशे सर पडद्याशेजारी उभे राहिले. पडद्यावर यादी.

“खुणा मोजल्या मी,” ते म्हणाले. “पहिल्या पन्नासांवर सगळ्यांच्या आहेत. पुढे एकसुद्धा नाही. आधी वाईट वाटलं. पण खरं ते खरं, पुढे पुढे माझी निवड फसली. तुम्ही भिडेखातर बोलला नाहीत. तर आता पन्नास ठेवतो, बाकीच्या पुसतो. मागे राहणाऱ्यांच्या गळ्यात कचरा नको.”

“छे छे सर, सगळंच छान आहे,” इंग्रजीच्या बाई म्हणाल्या.

“मग खुणा का नाहीत?”

खेळाचे सर गळ्यातली शिट्टी निरखू लागले. मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं.

सरांनी एक्कावन्नाव्या ओळीवर माऊस टेकवला आणि खाली ओढत नेला. ओळी निळ्या होत गेल्या. शंभर. दीडशे. एकशे त्रेसष्टावी निळी झाली तेव्हा चौथीच्या बाईंना पट्टी फाडणारी ती मुलगी दिसली.

त्या उठल्या. खुर्ची केवढ्यांदा तरी करकरली.

“सर, पुसू नका. निवड नाही फसली तुमची. आम्ही लिंका उघडून बघितल्याच नाहीत. वरून खाली नुसत्या खुणा केल्या. मीसुद्धा.”