गससाठी कॉलरचा शर्ट

"गुलाबी? रोझली, मी गुलाबी घालू?"

गसने गाडीची काच चार बोटं खाली केली होती आणि त्या फटीतून तो शर्टाकडे असा बघत होता, जणू रोझलीने मेलेला मासा समोर धरलाय.

"गुलाबी नाहीये. पोवळ्याचा रंग म्हणतात याला. चिठ्ठीवर लिहिलंय बघ."

"चिठ्ठीवर काय, काहीही लिहितील. बघणाऱ्याला गुलाबीच दिसणार."

"बरं, मग हा निळा. निळ्याला काय झालं?"

गसने निळा शर्ट आत ओढून घेतला, उलटासुलटा केला आणि परत बाहेर दिला. "चार बटणं आहेत याला. गळ्यापाशी एवढी बटणं कशाला लागतात माणसाला?"

"आणि हा करडा?"

"त्याच्या छातीवर कुठल्यातरी दातांच्या दवाखान्याचं नाव शिवलंय. लोक मला अक्कलदाढ दाखवायला येतील."

रोझलीने तिन्ही शर्ट पिशवीत कोंबले आणि पुन्हा दुकानाकडे निघाली. पैसे भरून शर्ट बाहेर आणायचे, गाडीत बसलेल्या राजेसाहेबांना दाखवायचे, त्यांनी नाक मुरडलं की परत आत जाऊन रांगेत उभं राहायचं, पावती दाखवायची, पैसे परत घ्यायचे. सकाळपासून हेच चाललं होतं. टोलीडो शहरातलं हे दुसरं दुकान. पहिल्या दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाईने शेवटी विचारलं होतं, "शर्ट कुणासाठी घेताय?" आणि रोझली म्हणाली होती, "एका गाढवासाठी. कॉलरचं माप मोठं लागतं."

झालं होतं असं, की शहराचं सार्वजनिक गोल्फचं मैदान गेल्या हिवाळ्याआधी बंद पडलं. तिथे आता घरं होणार होती. गस आणि त्याचा मित्र व्हर्न तिथे अर्धं आयुष्य खेळले. त्या मैदानावर कपड्यांची कटकट नव्हती. गस घरोघरच्या हीटरच्या भट्ट्या दुरुस्त करायचा. कंपनीने दिलेला तेलकट बनियनवजा शर्ट आणि गुडघ्यावर खिसे असलेली पँट, तोच त्याचा कामाचा पोशाख आणि तोच खेळाचा. पण व्हर्नच्या मुलाने बापाला एका क्लबचं सभासदत्व घेऊन दिलं आणि व्हर्नने पहिला पाहुणा म्हणून गसला बोलावलं. येत्या शनिवारी. क्लबचे नियम कडक होते: शर्टाला कॉलर हवी, तो पँटीत खोचलेला हवा, जीन्स चालणार नाही, बाहेरून शिवलेले खिसे चालणार नाहीत.

क्लबच्याच दुकानात असले कपडे मिळत, पण तिथल्या एका शर्टाच्या किमतीत रोझली आठवड्याचा बाजार करायची. म्हणून ती या दुकानांकडे वळली. मोठमोठ्या दुकानांत न खपलेला माल इथे पाव किमतीत येतो. माल चांगला असतो, पण तो ठेवण्याची पद्धत अशी की देवाने एखाद्याच्या सहनशक्तीची परीक्षा घ्यायला हे दुकान उघडलंय असं वाटावं. गोल्फचे कपडे म्हणून वेगळी रांग नाही. एक शर्ट रात्रीच्या पायजम्यांत, एक कामगारांच्या जाकिटांमागे, तर तिसरा बायकांच्या पोहण्याच्या कपड्यांत. हँगरवर 'मोठा' लिहिलेलं असेल तर शर्ट लहान निघणार. हवा तो रंग नेमका हव्या त्या मापात सोडून बाकी सगळ्या मापांत मिळणार. रोझली शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना जेवण वाढून निवृत्त झालेली बाई. गर्दीत कोपर मारून पुढे कसं जायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मुलांचे शाळेचे कपडे, कुणाच्या अंत्ययात्रेला घालायच्या गसच्या काळ्या पँटी, सगळं तिने याच दुकानांतून उपसून काढलं होतं. गसला कपडे कुठून येतात हे कधी कळलंच नाही. ते कपाटात उगवतात असा त्याचा समज असावा.

पण या वर्षी तो भलताच चक्रम झाला होता. थंडीत दाढी वाढवली ती काढायचं नाव नाही. चर्चला जाताना डोक्यातून घालायचा जाडा स्वेटशर्ट. रोझली म्हणाली, "निदान ईस्टरला तरी बरे कपडे घाल," तर म्हणाला, "देवाने मला याहून वाईट अवस्थेत बघितलंय." जेवताना काटा बाजूला ठेवून चमच्याने खायचा, लहान पोरासारखा. कॉफी ओतून मागितली तर "तूच घे" म्हणायचा. माणूस निवृत्त झाला की आळशी होतो हे तिने बहिणीकडून ऐकलं होतं, पण इतका?

तिसऱ्या दुकानासमोर गाडी लागली तेव्हा गस म्हणाला, "रोझली, मी काय म्हणतो, व्हर्नला सांगून टाकू का? म्हणावं कपडे मिळाले नाहीत."

रोझलीने गाडीची किल्ली काढून पर्समध्ये टाकली. "उतर खाली."

"माझी कंबर..."

"कंबर घेऊनच उतर. सकाळपासून माझ्या पायांचे तुकडे पडले, तू इथे बेसबॉलच्या बातम्या ऐकत बसलायस. आत ये, स्वतःच्या हाताने घे, स्वतःच्या अंगावर घाल, आणि नाही आवडलं तर आरशाला सांग. मला नको."

गस उतरला. दुकानात शिरल्यावर दोन्ही हात खिशात घालून तो तिच्या मागून चालू लागला. रोझली एकेक हँगर सरकवत होती आणि तो नुसता मान हलवत होता.

"हात खिशातून काढ की! चोर समजतील तुला."

"थंडी वाजतेय."

"मे महिना आहे, गस."

शेवटी टॉवेलांच्या ढिगाशेजारी तिला एक शर्ट सापडला. गर्द हिरवा, हलक्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, कुणाचं नाव नाही, गाव नाही. किंमत दोनदा कमी केलेली. आणि चमत्कार म्हणजे शेजारीच खाकी पँट, गसच्या मापाची. रोझलीला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तिने दोन्ही गसच्या छातीवर आपटले. "जा. घालून ये."

"माप बरोबरच दिसतंय. घेऊन टाकू. घरी बघतो घालून."

"आणि घरी जाऊन म्हणशील, काखेत टोचतंय. तुला ओळखून आहे मी. जा!"

ट्रायल रूमच्या दाराशी बसलेल्या बाईने गसला एक खोली दाखवली. रोझली बाहेरच्या बाकावर बसली आणि तिने बूट जरा सैल केले. आतून हँगर पडल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळाने दुसरा. मग काहीच नाही. एक तरुण आत गेला, चार पँटी घालून बघून बाहेर आला, तरी गसचा पत्ता नाही.

"गस! झोप लागली का?"

तिने बाकावरूनच मान वाकडी करून आत डोकावायचा प्रयत्न केला.

"अरे, दुकान बंद करतील! एक शर्ट घालायला..."

"रोझली." आवाज बारीक होता. "आत ये जरा."

"मी कशी येऊ तिथे? पुरुषांची..."

दारावरच्या बाईने तिच्याकडे बघितलं, मग आतल्या बंद दाराकडे. "जा तुम्ही," ती हळूच म्हणाली. "आत दुसरं कुणी नाही आत्ता."

गस फळीवर बसला होता. खाकी पँट पायांत चढली होती, पण कमरेचा हूक उघडा. हिरव्या शर्टाचं वरचं बटण अर्धं काजात, अर्धं बाहेर. खालचं तुटून जमिनीवर पडलं होतं. आणि त्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, वेगळाच कुणीतरी जीव असल्यासारखा. तो हात त्याने डाव्या हाताने दाबून धरला होता. पण डावाही हलत होता.

रोझलीने दार मागे लोटलं. त्या तेवढ्याशा खोलीत दोघांना नीट उभं राहायलाही जागा नव्हती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पानगळीत सुरू झालं. आधी नुसती बोटं आखडायची."

"डॉक्टरकडे?"

"जाऊन आलो. गोळ्या आहेत. गाडीच्या खणात असतात."

"म्हणजे दाढी..."

"वस्तऱ्याने कापून घेतलं असतं गं."

तो चमचा, तो स्वेटशर्ट, न ओतलेली कॉफी, सगळं एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढे येऊन उभं राहिलं. हिवाळाभर ती त्याला टोचून बोलली होती. बहिणीला फोन करून हसली होती. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप.

"आणि तू मला गुलाबी रंगाचं सांगत होतास!" ती दबल्या आवाजात ओरडली. "दोन दुकानं, गस! तीनदा रांगेत उभी राहिले! त्या बाईने मला वेडी समजलं! सरळ सांगता येत नव्हतं तुला, की बटणं लावता येत नाहीत?"

"गुलाबी मला खरंच नाही आवडत," गस म्हणाला.

ती हसली नाही. खाली वाकून तिने पँटीचा हूक लावला, मग शर्टाचं बटण काजातून काढलं. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज थोडा उतरला होता.

"खेळता येतं का तुला?"

"माहीत नाही. मैदान बंद झाल्यावर हातात काठी घेतलीच नाही. व्हर्नला वाटेल... तो सगळ्यांना सांगून बसलाय, माझा दोस्त येतोय म्हणून. त्या लोकांसमोर मी चेंडू त्या एवढ्याशा खुंटीवर टेकवायला वाकणार आणि चेंडू खाली पडत राहणार. तुला चालेल का तसं?"

"मला विचारू नकोस. जायचंय का तुला?"

गस बराच वेळ आरशात स्वतःला बघत राहिला. कॉलरच्या शर्टातला, दाढी वाढलेला, थकलेला माणूस.

"जायचंय," तो म्हणाला.

"मग हे काढ."

रोझली बाहेर आली आणि पुन्हा रांगांत शिरली. या खेपेला तिला काय शोधायचंय हे ठाऊक होतं. कमरेला इलॅस्टिक असलेली, पण बाहेरून साध्या पँटीसारखी दिसणारी पँट. असल्या पँटी सकाळपासून शंभरदा तिच्या हाताखालून गेल्या होत्या. म्हाताऱ्यांचे चोचले म्हणून तिनेच त्या बाजूला सारल्या होत्या. आता एकही दिसेना. दुकानांचं हे असंच असतं. नको तेव्हा ढीग, हवं तेव्हा ओसाड. तिने पायजमे उपसले, जाकिटं उपसली, एका बाईच्या सामानाच्या ढकलगाडीतली पँट स्वतःची समजून ओढली आणि शिव्या खाल्ल्या. शेवटी मुलांच्या कपड्यांच्या टोकाला, कुणीतरी नको म्हणून टाकून दिलेली निळसर काळी एक पँट तिला मिळाली. हिरवा शर्ट तिने तोच घेतला, फक्त एक माप मोठा. तो कुठे होता हे विचारू नका. झोपेच्या कपड्यांत.

घरी आल्यावर तिने शर्टाची बटणं लावली आणि काजांवरून आतून दोऱ्याचे पक्के टाके घातले. बाहेरून बटणं लावलेलीच दिसत, पण शर्ट डोक्यातून सरळ खाली येई. गसने तो घालून बघितला. पहिल्या खेपेला कान अडकला, दुसऱ्या खेपेला नाही.

"व्हर्नला फोन कर," ती म्हणाली. "सांगून टाक."

"करतो."

शुक्रवारी संध्याकाळी त्याने फोन हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि खाली ठेवला. "उचलत नाहीये," तो म्हणाला. त्याने नंबर फिरवलाच नव्हता हे तिने स्वयंपाकघरातून बघितलं होतं. तिच्या जिभेवर चार शब्द आले होते. तिने ते बटाट्यांवर काढले.

शनिवारी सकाळी व्हर्न आला. ढेरपोट्या, मोठ्या आवाजाचा माणूस, हातात कागदी पेल्यातली कॉफी. गस घरामागच्या दाराने गॅरेजमध्ये गेला, तिथे त्याच्या काठ्यांची पिशवी आणि खेळाचे बूट ठेवलेले असत. रोझली स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. शर्ट चांगला दिसत होता. पँट चांगली दिसत होती. मग गस गॅरेजमधून बाहेर आला आणि तिला दिसलं की बुटांच्या नाड्या सुट्या होत्या, दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळत होत्या.

बूट! सगळं आठवलं आणि बूट विसरली. तिने हात पुसले आणि दाराकडे जायला वळली.

पण व्हर्न बोलता बोलता थांबला होता. त्याने गसच्या पायांकडे बघितलं, मग त्याच्या हातांकडे. काच बंद होती, त्यामुळे काही ऐकू येत नव्हतं. गसने काहीतरी सांगितलं, थोडक्यात, एकाच दमात. व्हर्नने मान हलवली. कॉफीचा पेला त्याने गाडीच्या टपावर ठेवला, गाडीला धरून एक गुडघा सिमेंटवर टेकवला, मग दुसरा, आणि गसच्या बुटांच्या नाड्या बांधू लागला. गस त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि मान वर करून ढगांकडे बघत राहिला, आज पाऊस पडेल की नाही याचा अंदाज घेतल्यासारखा.

दोन्ही बुटांना दुहेरी गाठी मारून झाल्या. व्हर्न उठायला गेला, पण गुडघे त्याला उठू देईनात. तो तसाच खाली बसून हसायला लागला. गसने आपला थरथरता हात पुढे केला. व्हर्नने तो घट्ट धरला, आणि गसने पाय रोवून त्याला वर ओढून घेतलं.