रडण्याचा रिटेक

आपल्याकडे संध्याकाळच्या बातम्या आणि जेवण बहुधा बरोबरच चालतं. पडद्यावर कुणाची तरी आई ऊर बडवत असते, खालच्या लाल पट्टीवर ‘काळीज पिळवटून टाकणारा आक्रोश’ असं लिहिलेलं असतं आणि आपण हळहळत हळहळत आणखी थोडी आमटी वाढून घेतो. चॅनल बदललं तर तिथेही तीच बाई रडत असते. ती आपल्यासाठी किती वेळा रडली असेल, हा प्रश्न काही आपल्याला पडत नाही. निकिता औटीलाही तो कधी पडला नव्हता.

निकिता पारनेरची. बी.ए. झाल्यावर नगरला पत्रकारितेच्या वर्गाला येत होती. वर्तमानपत्र, रेडिओ आणि टीव्ही, तिन्हींचं काम तिथे शिकवत. पोरगी हुशार, बोलण्यात चटपटीत. घरात लग्नाचा विषय निघाला की “आधी नोकरी!” म्हणून उडवून लावायची. त्या नोकरीचा योगही जुळून आला होता. शहरातल्या एका केबल चॅनलचे संपादक काकासाहेब यांनी तिला सांगून ठेवलं होतं, “एक जबरदस्त बातमी आण, दुसऱ्या दिवसापासून कामावर ये.”

तशी बातमी मिळाली. पारनेरजवळच्या एका वस्तीवर अंगद नावाचा कॉलेजात शिकणारा मुलगा सकाळी स्वतःच्याच शेततळ्यात बुडून गेला. निकिता आणि तिचा वर्गमित्र धवल कॅमेरा घेऊन सगळ्यांच्या आधी पोहोचले आणि दुपारपर्यंत चित्रीकरण घेऊन नगरला परतलेही. तिने फोन केला तेव्हा काकासाहेबांनी एकच विचारलं, “आईचं रडणं आहे ना? बस्स! सातच्या बातम्यांत पहिली तीच.”

वर्गाचा एक नियम होता. बाहेर काही पाठवण्याआधी, काहीही न कापता ते सरोजिनीताईंना दाखवायचं. ताईंचं उभं आयुष्य रेडिओत गेलेलं. केस पांढरे झाले तरी आवाज अजून खणखणीत. मुलं त्यांना पाठीमागे ‘आकाशवाणी’ म्हणत आणि ताईंना ते चांगलं ठाऊक होतं.

“पडदा बंद कर,” त्या धवलला म्हणाल्या. “नुसता आवाज ऐकू या.”

“अहो ताई, हे टीव्हीचं आहे!” निकिता हसली.

“असू दे. डोळे मिटा सगळ्यांनी.”

मुलांनी एकमेकांकडे बघत डोळे मिटले. आधी वाऱ्याची घरघर आली. मग एका बाईची किंकाळी. “अंगदाऽऽ! माज्या सोन्याऽऽ!” वर्गात सगळेच शहारले. तेवढ्यात निकिताचा आवाज आला.

“धवल, आलं का?”

“नाही गं, मध्ये माणसं आली.”

“मावशी, ओ मावशी! जरा थांबा. परत एकदा तिकडून चालत या. आणि तळ्याकडं बघून हाक मारा, मघाशी मारली ना, तशीच.”

मग नाक पुसल्याचा आवाज आणि अगदी बारीक स्वरातला प्रश्न, “मोठ्यानं मारू का?”

“हां, मोठ्यानं.”

आणि ती बाई पुन्हा रडली. तीच हाक, तोच टाहो.

“मस्त!” निकिताचा आवाज म्हणाला. “आता एकदाच अजून. पदर तोंडावरून बाजूला घ्या.”

वर्गात कुणी तरी “अगं बाई!” म्हणालं. निकिताने डोळे उघडले तेव्हा सगळे तिच्याकडेच बघत होते. आपण ‘मस्त’ म्हणालो? पोटचा पोर गेलेल्या बाईला? पडद्यावर बघताना हे कधी ऐकूच आलं नव्हतं!

“ती बाई परत का रडली?” ताईंनी शांतपणे विचारलं.

“मी... मी सांगितलं म्हणून.”

“तू तिची कोण?”

निकिता धवलकडे बघू लागली.

“हातात माइक असला की लोकांना आपण सरकारी माणसं वाटतो, पोरी. साहेबानं बस म्हटलं की बसतात, तशी ती रडली. बरं, आता मला सांग, तळ्याला कुंपण होतं? काठाला दोर होता? पोराला पोहता येत होतं का?”

“ते विचारायचं राहिलं.”

“म्हणजे रडणं तीनदा आहे आणि बातमी एकदाही नाही!”

निकिता रडवेली झाली, पण हार मानेना. “सगळेच असं करतात, ताई. लोकांना हेच बघायचं असतं. आणि माझी नोकरी आहे याच्यावर!”

“सगळे करतात म्हणून तर तुम्हाला शिकवायला बसलेय. तिचं पहिलं रडणं तिचं होतं. पुढची दोन तू मागून घेतलीस. मी तुला अडवणार नाही. फोन तुझ्याकडे आहे, चित्रीकरणही तुझ्याकडेच आहे. काय ते तू ठरव.”

तेवढ्यात काकासाहेबांचा फोन आलाच. “पाठवलंस का?”

“साहेब, बातमी अपुरी आहे. मी पुन्हा जाऊन येते.”

“अगं, रडणं आहे, अजून काय पाहिजे? सातला मिळालं नाही तर उद्या येऊ नकोस!”

निकिताने फोन ठेवला आणि धवलला म्हणाली, “गाडी काढ.”

वस्तीवर अजून अंगदला आणलेलं नव्हतं. शवविच्छेदन होऊन मृतदेह दवाखान्यातून मिळायचा होता. अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती आणि बायकांच्या घोळक्यात त्याची आई, चांगुणाबाई, भिंतीला टेकून बसली होती. दारात निकिता दिसताच ती उठली. कुणी सांगायच्या आधी तिने डोळे पुसले, तोंडावरचा पदर बाजूला घेतला आणि तळ्याकडे चालू लागली.

“आलात व्हय, ताई?” ती म्हणाली. “मगाचं बिघडलं का? आता कुठनं रडू?”

अरे देवा! काय करून ठेवलं आपण हे! निकिताने धावत जाऊन चांगुणाबाईचे पाय धरले.

“नका, मावशी! चुकलं माझं. मी असं सांगायलाच नको होतं. ते सगळं तुमच्यादेखत पुसून टाकते.”

तिने धवलकडून कॅमेरा घेतला आणि खरंच सगळं पुसलं. चांगुणाबाई बघत राहिली. मग खाली बसत म्हणाली, “मला वाटलं, आपुन रडलो तर वरचं कुनी बघंल. तळ्याचं काय तरी करतील.”

“तळ्याचं काय, मावशी?”

“माजा अंगद पट्टीचा पव्हनारा. हिरीत सूर मारायचा! पर तळ्यात अंथरलेला तो प्लास्टिकचा कागद लई निसरडा. हात टाकला की घसरायचं, पाय ठरंना. पव्हून पव्हून दमलं लेकरू. काठाला एक दोर असता तर धरून वर आलं असतं.”

“हे सांगाल? इथंच बसून. रडायचं नाही. तोंड दाखवायचं नसेल तर दाखवणार नाही.”

“तोंड दाव की! म्या काय चोरी केली?”

मग चांगुणाबाई सावकाश बोलली. शेवटी तिने थेट कॅमेऱ्याकडे बघितलं. “ज्याच्या रानात तळं हाय त्यानं आजच दोर बांधा. उद्या म्हनू नका. आमी उद्या म्हनलं हुतं.”

काकासाहेबांनी ती बातमी लावली नाही. “यात रडणं कुठाय?” असं म्हणून त्यांनी निकिताचा विषयच मिटवला. तिला नोकरी मिळाली नाही. पण सरोजिनीताईंच्या ओळखीने चांगुणाबाईचं बोलणं रेडिओवर गेलं आणि निकिताने लिहिलेली बातमी एका दैनिकात आली. त्या आठवड्यात आसपासच्या वस्त्यांवर कितीतरी तळ्यांच्या काठाला दोर दिसू लागले.

नव्या पत्रकारांनो, ज्याच्या घरी मरण झालं त्याला आधी माणूस म्हणून भेटा आणि माइक मागाहून काढा. शेजारच्या घरचं मरण टळेल एवढं तरी विचारून या. आणि बंधुभगिनींनो, आपणही जरा स्वतःला विचारू या. काकासाहेबांना रडणं हवं होतं, कारण ते आपल्याला हवं असतं! आपण मागणं सोडलं, तर कुठल्याही आईला पुन्हा चालत येऊन रडावं लागणार नाही.