शिवेवरच्या तिघी

लेकरू आजारी पडलं की आपण दवाखाना गाठतो. कुत्र्याचं पिल्लू आंधळं झालं की मात्र दृष्ट लागली म्हणतो! मंठाळच्या मायाप्पाचंही तसंच होतं. मेंढरं गेली, शेती आली, पण बापानं पाळलेली शिकारी कुत्री घरात टिकली. बापाचा नेमही टिकला : रक्त घराबाहेर जाऊ द्यायचं न्हाई. म्हणून जोड्या लागायच्या त्या बाप-लेकीच्या, नाहीतर बहीण-भावाच्या.

पिल्लं देखणी निघत. पण दोन वर्षांची झाली की एखाद्याचे डोळे जात. देवीचा कोप म्हणून मायाप्पानं अशा तीन माद्यांना एकेक करून गुपचूप गावाच्या शिवेवर सोडलं होतं. तेव्हापासून घास तोंडाशी नेला, की दाराशी कुणीतरी बसलंय असं त्याला वाटे. मान वर केली तर कुणीच नसे.

त्या सकाळी तो हरणी या तरण्या कुत्रीची जोडी तिच्याच बापाशी, तेजाशी लावणार होता. इतक्यात करजगीचा राघोबा धनगर दारात आला. हातातल्या दोरीला चंद्री, इथूनच पिल्लू असताना नेलेली.

"अण्णा, हिला दिसंना झालंय. भांडाय आलो न्हाई. मेंढरांच्या पायाखाली मरंल, तुमीच सांबाळा."

दोरी सुटली. चंद्री खांबाला थडकली. मग नाक वर करून सरळ मायाप्पापाशी आली अन् शेपूट हलवत त्याचा हात चाटू लागली.

मायाप्पानं तिला जवळ ओढलं. "अनसा, त्या तिघीबी असाच माझा वास हुडकत बसल्या असतील गं!"

"आता कामून रडायलाव?" बायको अनसाबाई कडाडली. "तवा समदं देवीच्या माथी मारलंत. हिला तरी दवाखान्यात न्या!"

दुपारी त्यानं शीव पालथी घातली, हाका मारल्या. बाभळी अन् वारा, दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हरणी, तेजा अन् चंद्री अशी तिन्ही कुत्री घेऊन तो चिटगुप्प्याला गेला. तिथल्या जनावरांच्या डॉक्टर विभाताईंनी चंद्रीचे डोळे पाहिले, हरणी अन् तेजाचं रक्त जनुकीय तपासणीला पाठवलं. महिन्यानं कागद आला.

"दोघांतही डोळ्यांचा दोष दडलाय."

"बाई, त्यांची नजर तर घारीची हाय!"

"तोच तर घोळ आहे. दोष एकाकडूनच आला तर पिल्लाला दिसतं. आई-बाप दोघांकडून आला की डोळे जातात. घरातल्या घरात जोड्या लावल्यात, म्हणून दोषाला दोष भेटत गेला."

"म्हंजी देवीचा कोप न्हाई?"

"देवीनं कुठं जोडी लावली, मायाप्पा? तुम्ही लावलीत!"

मायाप्पानं कागद हातात घेतला. तो म्हणाला, "मग हरणीला पिल्लं नकोतच?"

"हवीत की! तपासून निर्दोष निघालेला परक्या घरचा नर बघा. पिल्लांना हे आंधळेपण येणार नाही. पण पुढं त्यांनाही तपासूनच जोडी लावायची."

मायाप्पानं हरणीसाठी परक्या घरचा तपासलेला नर आणला. मोडला बापाचा नेम! आता पिल्लू मागायला येणाऱ्याला मायाप्पा आधी तो कागद दाखवतो, मग त्या तिघींची गोष्ट सांगतो.

"कामून आपलीच अब्रू घालवायलास?" लोक म्हणतात.

"लपवलं म्हून तर एकीवर थांबलं न्हाई, तिघी शिवेवर गेल्या!"

वाचकहो, मुका जीव जन्माला घालायचं आपण ठरवतो, तर त्याच्या आई-बापाची तपासणीही आपणच करायला हवी. कुत्र्याच्या जातीचा अभिमान जरूर बाळगा, पण त्यापायी पिल्लांचे डोळे घालवू नका! मायाप्पाला हे कळलं. हरणीच्या पिल्लांना त्याचा उपयोग झाला, त्या तिघींना नाही.